सहस्रपादांच्या नव्या जातींची नोंद

सहस्रपादाच्या नव्या जातीची नोंद म्हणजे एखाद्या देशात आजवर कुणाच्याच पाहण्यात न आलेली सहस्रपादाची जात सापडणे आणि तिची पक्की ओळख पटून ती देशाच्या प्राणियादीत दाखल होणे. सहस्रपाद म्हणजे पावसाळ्यात अंगणात दिसणारा, डिवचला की वेटोळे करणारा वाणी किंवा पैसा आणि त्याचे भाऊबंद. चावणारी गोम वेगळी. जगात त्यांच्या सुमारे १२,००० जातींचे वर्णन झाले आहे.

नोंद दोन प्रकारची असते. जात विज्ञानालाच नवी असेल, तर तिला नाव द्यावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजशोधासाठी खणलेल्या छिद्रात ६० मीटर खोल सापडलेला, १,३०६ पायांचा ‘युमिलिपीस पर्सेफोनी’ २०२१ मध्ये असा जाहीर झाला. दुसरा प्रकार, जात इतरत्र ठाऊक असते, या देशात मात्र पहिल्यांदाच दिसते. याचे सुंदर उदाहरण ब्रिटनमधल्या दक्षिण वेल्सचे आहे.

तिथल्या बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या राडारोड्याचे ढिगारे अनेक वर्षे ओसाडच समजले गेले. ऱ्होंडा खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डी, १९९० च्या डिसेंबरात बंद झाली. तिच्या ढिगाऱ्यातले दगड उलटून पाहताना ब्रिटनला अपरिचित असा सहस्रपाद मिळाला. टोपणनाव पडले ‘मार्डी मॉन्स्टर’, प्राणी मात्र लहानसाच. त्याचे जवळचे नातलग इबेरियन द्वीपकल्पात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडे, आहेत. अशाच ढिगाऱ्यांवर ‘क्रानोगोना डालेन्सी’ ही फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातली जातही आढळली. ही मंडळी इथवर आली कशी? खाणीत आधाराला लावायचे लाकूड फ्रान्सहून जहाजांनी वेल्समधल्या कार्डिफ बंदरात यायचे. त्यासोबत आली असावीत, असा एक तर्क आहे.

ओळख पटवणे हेच खरे कष्टाचे काम. रंग, लांबी, पायांची संख्या यांवर भरवसा ठेवता येत नाही. वेल्सच्या या दोन्ही जाती ज्या गणातल्या (मोठ्या गटातल्या) आहेत, त्यातल्या प्रौढ नराच्या सातव्या वलयावरचे पाय चालण्याचे राहत नाहीत. समागमासाठी त्यांचे बारीक आकडे-पात्यांसारखे अवयव बनतात आणि त्यांची घडण जातीगणिक वेगळी असते. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून, हे पाय सुईच्या टोकाने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. हाती नुसती मादी किंवा पिल्लू आले, तर जात सहसा ठरत नाही. या गणातल्या बहुतेक जातींचे प्रौढ ब्रिटनमध्ये शरद ते वसंत या थंड, ओल्या दिवसांत मिळतात. उन्हाळ्यात फिरणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतात ते यामुळेच.

या ढिगाऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे. १९६६ मध्ये दक्षिण वेल्समधल्याच अ‍ॅबरफान येथे असाच ढिगारा घसरून ११६ मुलांसह १४४ जण दगावले. त्यामुळे धोकादायक ढिगारे पक्के करणे किंवा हलवणे टाळता येणार नाही. पण यंत्रे लावण्याआधी एक हिवाळाभर तिथले दगड उलटून पाहायला हवेत, कारण ब्रिटनमध्ये यातल्या काही जातींचे ठाऊक असलेले ठिकाण म्हणजे असे मोजके ढिगारेच आहेत.