बेस्टची तूट कोणी भरायची? एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

मुंबईत बेस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या बस आणि वीज उपक्रमाच्या, भाड्याचा, बसच्या टंचाईचा किंवा संपाचा विषय निघाला की गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते: महापालिका पैसे देणार का, आणि दिले तर कोणत्या अटींवर? गंमत म्हणजे 1947 नंतर कितीतरी वर्षं हा प्रश्न फारसा ऐरणीवर आलाच नाही. बसची तूट भरायला बेस्टकडे घरचीच सोय होती.

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती खासगी कंपनीची. रस्ता पालिकेचा, रूळ आणि डबे कंपनीचे, मध्ये करार. 1905 मध्ये आलेल्या नव्या कंपनीने, म्हणजे आजच्या बेस्टच्या पूर्वसुरीने, वीजपुरवठा आणि ट्राम अशी दोन्ही कामं एकत्र घेतली. 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. करारात पालिकेने खरेदीचा हक्क राखून ठेवला होता. तो बजावून तिने 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरलेला असताना, सगळा कारभार ताब्यात घेतला.

ताब्यात घेतला, पण पालिकेचं आणखी एक खातं केलं नाही. स्वतंत्र महाव्यवस्थापक, नगरसेवकांची बेस्ट समिती आणि वेगळा अर्थसंकल्प असा हा ‘उपक्रम’ राहिला. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या दफ्तरी ‘क’ म्हणून ओळखला जातो, पालिकेचा मुख्य अर्थसंकल्प तो ‘अ’. मंजुरी पालिका सभागृहाची, पण नफा-तोटा बेस्टचा बेस्टने बघायचा. तिकीट स्वस्त ठेवल्याचं श्रेय नगरसेवकांना मिळे, त्याचा भार मात्र पालिकेच्या तिजोरीवर पडत नसे.

तो पडे वीजग्राहकांवर. बेस्टची वीज फक्त शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र बोरिवली, मुलुंड, मानखुर्दपर्यंत आणि हद्दीबाहेरही. म्हणजे गिरगावातल्या चाळीत दिवा लागला की त्यातून उपनगरातल्या बसफेरीची तोंडमिळवणी व्हायची. ज्यांच्या घरात दुसऱ्या कंपनीची वीज, ते त्याच बसमधून त्याच भाड्यात जात. अन्याय म्हणायचा तर होता. पण वीज आणि वाहतूक एकाच घरात असल्याने कोणी फार खोलात गेलं नाही.

2003 च्या वीज कायद्याने हे झाकलेलं उघडं पडलं. बेस्टचे वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवू लागला, प्रत्येक आकाराचं कारण द्यावं लागू लागलं आणि बसची तूट वीजबिलात स्वतंत्र आकार म्हणून दिसू लागली. मग तक्रारी झाल्या, प्रकरणं लढवली गेली आणि अखेर ती वसुली बंद झाली. दरम्यान बेस्टने पालिकेकडे हात पसरले होते. 2013 मध्ये पालिकेने 1,600 कोटी रुपये दिले, पण कर्ज म्हणून, 10 टक्के व्याजाने! आपल्याच उपक्रमाशी सावकारासारखं वागणारी पालिका, हे चित्र कामगार संघटनांनी पुढे वर्षानुवर्षं वापरलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. ‘क’ अर्थसंकल्प ‘अ’मध्ये विलीन करा, ही मागणी याच काळात जोर धरू लागली. जानेवारी 2019 मधल्या नऊ दिवसांच्या संपातही ती होती.

त्याच वर्षी जून महिन्यात तडजोड झाली. पालिकेने अनुदान देऊ केलं, बदल्यात बेस्टने भाडेतत्त्वावरच्या बस घ्यायच्या. संघटनेने आपला विरोध सोडला, पण स्वमालकीच्या 3,337 बस कायम ठेवण्याचं कलम करारात घालून घेतलं. 9 जुलै 2019 पासून किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आलं, एसी बसचं 6 रुपयांवर. प्रवासी परतले, बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना.

या नव्या पद्धतीत बस कंत्राटदाराची, इंधन-दुरुस्ती त्याची, बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. तिकीट बेस्टचं. एकाच गाडीत चालकाचा पगार कंत्राटदार करतो आणि वाहकाचा बेस्ट. एकाच मार्गावर, एकाच गर्दीत काम करून दोघांच्या पगारात आणि हक्कांत मोठी तफावत. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं तेव्हा थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाने शिव्या घातल्या त्या बेस्टला. बसवर नाव तिचंच होतं. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला आणि चालकाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न विचारला गेला. तो खरं तर 2019 च्या करारावर सह्या होतानाच विचारायला हवा होता.

स्वमालकीच्या बसचं कलम कागदावरच राहिलं. जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या, त्या तोडीने नव्या आल्या नाहीत आणि हा आकडा हजाराच्याही खाली गेला. विलीनीकरणाचं घोंगडं भिजतच आहे. पालिका दरवर्षी अनुदान देते, 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 1,000 कोटींची तरतूद झाली; तरी निवृत्तांची देणी आणि कंत्राटदारांची बिलं भागवताना बेस्टची ओढाताण सुटलेली नाही. शेवटी 9 मे 2025 पासून किमान भाडं दुप्पट झालं: साध्या बसला 10, एसीला 12 रुपये. एरवी अशा प्रस्तावावर बेस्ट समितीत रणकंदन माजलं असतं, एखाद्या नगरसेवकाने सभात्यागही केला असता. पण मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून पालिकेवर प्रशासक होता. समितीच अस्तित्वात नव्हती.