गाडी नसली तरी तार जिवंतच असते

उत्तरायण झालं की बडोद्यात रुळांवरच्या तारांना पतंग लटकलेले दिसतात. मग दांडिया बाजारातले कुणीतरी काका छातीठोकपणे सांगतात, "गाडी यायच्या वेळीच करंट सोडतात रे, एरवी तार थंड!"

साफ चूक. सबस्टेशनातून त्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब रात्रंदिवस असतो. बंद नळातही पाण्याचा दाब असतोच ना, तसंच. इंजिन पँटोग्राफ, म्हणजे छतावरची वर उचलली जाणारी चौकट, तारेला टेकवतं तेव्हा प्रवाह वाहतो आणि रुळांमधून परततो, एवढाच फरक. दुरुस्तीसाठी पुरवठा तोडतात, पण तेव्हाही तार आधी जमिनीला जोडल्याशिवाय कर्मचारी हात लावत नाहीत.

"मग चिमणी कशी बसते?" तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जमिनीशी संबंध नाही. ओला मांजा किंवा बांबू हातात धरून खाली उभ्या असलेल्या पोराचा मात्र असतो. शिवाय स्पर्शच व्हावा लागतो असं नाही; जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते, म्हणून 2 मीटरच्या आत जायचंच नाही.

प्रतापनगर-डभोई-एकतानगर मार्गावरही आता तारा आहेत. एकेकाळी डभोईच्या रुळांवर बैल डबे ओढायचे, त्यामुळे तिकडच्या जुन्या मंडळींना हे दोनदा सांगावं लागतं.