योम किप्पुर (प्रायश्चित्तदिन)

ज्यू पंचांगातील तिश्री या सातव्या महिन्याचा दहावा दिवस. नवव्या दिवसाच्या संध्याकाळपासून दहाव्याच्या संध्याकाळपर्यंत पाळायचा उपवास. मूळ विधान हिब्रू शास्त्रातील (बायबलच्या जुन्या करारातील) ‘लेवीय’ या पुस्तकाच्या अध्याय १६ मध्ये असून पूरक नियम ‘लेवीय’ २३ व ‘गणना’ २९ मध्ये आहेत. ईश्वरी न्याय, दया आणि आज्ञापालन ही हिब्रू शास्त्राची तीन सूत्रे इतकी घट्ट गुंफलेला दुसरा विधी त्या शास्त्रात क्वचितच सापडेल.

सोळाव्या अध्यायाची सुरुवातच मृत्यूच्या उल्लेखाने होते. पहिला महायाजक अहरोन याचे पुत्र नादाब व अबीहू यांनी न सांगितलेला अग्नी परमेश्वरासमोर नेला आणि ते मेले. म्हणून अहरोनाने वाटेल तेव्हा पडद्याआड, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, जाऊ नये. जायचे ते स्नान करून, तागाचा अंगरखा, चोळणा, कमरबंद व मंदिल घालून. स्वतःसाठी गोऱ्हा व मेंढा. लोकांसाठी दोन बोकड व एक मेंढा. वेदीवरील निखाऱ्यांचे धुपाटणे आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला धूप पडद्याआड न्यायचा. धुराने दयासन झाकले गेले नाही, तर याजक मरेल, असे वचन स्पष्ट सांगते. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचे (आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचे) अडीच हात लांब व दीड हात रुंद असे शुद्ध सोन्याचे झाकण. त्याच्या पूर्व बाजूवर बोटाने रक्त शिंपडायचे, मग त्याच्यापुढे सात वेळा. आधी गोऱ्ह्याचे, नंतर बोकडाचे. या रक्ताने आधी पवित्रस्थान शुद्ध होते, कारण लोकांच्या अपराधांनी ते स्थानच विटाळते (१६:१६). ‘किप्पुर’ या नावामागील हिब्रू ‘किप्पेर’ (प्रायश्चित्त करणे) या क्रियापदाचा मूळ अर्थ काहींनी अरबीच्या आधारे ‘झाकणे’ असा लावला. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कडीय भाषेतील ‘कुप्पुरू’शी जुळणारा ‘पुसून काढणे’ हा अर्थ या संदर्भात अधिक बसतो.

दुसऱ्या बोकडाबद्दल मतभेद फार. चिठ्ठ्या टाकून एक बोकड परमेश्वरासाठी, एक ‘अजाजेला’साठी ठरतो. याजक जिवंत बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची सर्व पापे उच्चारतो व त्याला नेमलेल्या माणसाकरवी रानात पाठवतो. ग्रीक सप्तती आणि लॅटिन व्हल्गेट या भाषांतरांनी ‘पाठवून दिलेला बोकड’ असा अर्थ घेतला. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी व तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातील एक मत ‘अजाजेल’ म्हणजे खडतर कडा समजते. परंतु ‘परमेश्वरासाठी’ आणि ‘अजाजेलासाठी’ ही समांतर रचना पाहता ते रानातील एखाद्या सत्तेचे नाव असावे. ‘हनोख’ या शास्त्राबाहेरच्या प्राचीन ज्यू ग्रंथात या नावाचा पतित देवदूत येतोच. तरीही हा बोकड बळी नव्हे: त्याला कापत नाहीत, आणि बोकडरूपी भुतांना अर्पण करण्याची मनाई लगेच पुढच्या अध्यायात आहे (१७:७). प्राचीन अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) हित्ती लोकांच्या ग्रंथांतही साथीच्या वेळी रंगीत लोकर बांधलेले मेंढे शत्रूच्या मुलखात हाकलल्याचे विधी आढळतात. तिथे कबुलीला स्थान नाही. इथे ती विधीच्या मध्यभागी आहे.

काळाबाबत जर्मन बायबल-अभ्यासक वेलहाउझेन यांनी विधी बंदिवासोत्तर, म्हणजे ज्यूंच्या बाबेलमधील बंदिवासानंतरचा, मानला. त्या काळाविषयीच्या ‘नहेम्या’ या पुस्तकाच्या अध्याय ८–९ मध्ये सातव्या महिन्याचे वर्णन असूनही दहाव्या दिवसाचा उल्लेख नाही, हा त्यांच्या पक्षाचा भक्कम आधार. शुद्धीविधीचा गाभा जुना आणि तारीख व उपवासाची वचने (१६:२९–३४) नंतर जोडलेली, हे ‘लेवीय’चे भाष्यकार मिलग्रोम यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

यरुशलेममधील दुसऱ्या मंदिराच्या काळातील तपशील मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाच्या ‘योमा’ प्रकरणात (इ. स. सुमारे २००) आहेत. महायाजकाला सात दिवस आधी घरापासून वेगळे ठेवत व पर्यायी याजक नेमून ठेवत. दोन्ही बोकड रंगरूप, उंची आणि किंमत यांत सारखे हवेत. चिठ्ठ्या टाकल्यावर एक मेला, तर नवी जोडी आणून पुन्हा चिठ्ठ्या. रक्त साकळू नये म्हणून एक जण ते सतत ढवळत राही. विधीत काही बदलणार नाही, अशी शपथ वडीलधारे महायाजकाकडून घेत; शपथ झाल्यावर तो बाजूला वळून रडे आणि तेही रडत.

इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, बळी थांबले. उपवास व कबुली उरली. बियेसकट मोठ्या खजुराएवढे खाल्ले तरी उपवास मोडतो. आजाऱ्याला मात्र जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घालतात. ‘पाप करीन, मग पश्चात्ताप करीन’ म्हणणाऱ्याला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही, आणि शेजाऱ्याचा अपराध त्याची समजूत घातल्याशिवाय या दिवसानेही धुतला जात नाही (योमा ८:९). दुपारी योनाचे पुस्तक वाचतात: निनवे शहराचा निवाडा ठरला होता, लोक वळले आणि तो टळला. शेवटची प्रार्थना ‘नेइला’, म्हणजे दारे मिटणे.

कोकणातील बेने इस्रायल हा ज्यू समाज या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आला. पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून लोक घरात राहत. दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा व भेटीगाठींचा. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत उभारलेल्या या समाजाच्या पहिल्या सिनेगॉगचे (प्रार्थनामंदिराचे) नाव ‘शआर हारहमीम’ आहे, म्हणजे दयेचे द्वार.