‘ब्रेड’ आणि ‘सुपरहॉट’: वेळ हातात असते म्हणजे नेमकं काय?

वेळेशी खेळणाऱ्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की ‘ब्रेड’ आणि ‘सुपरहॉट’ ही दोन नावं हटकून एका दमात घेतली जातात. दोन्ही छोट्या चमूंचे आणि दोन्हींत वेळेचा ताबा खेळाडूकडे, त्यामुळे एक खेळला की दुसरा कळला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे दोन गेम डोक्याला अगदी उलट्या सवयी लावतात.

जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ला गेम डिझाइनमधल्या नावीन्यासाठी इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा पुरस्कार २००६ मध्ये मिळाला, तेव्हा तो बाजारात यायचा होता, आला तो २००८ मध्ये. वरवर पाहता उड्या मारत पुढे जायचा साधा गेम. पण एक बटण दाबून धरलं की घडलेलं सगळं उलट्या दिशेने सरकू लागतं आणि मेलेला टिम, म्हणजे गेमचा नायकसुद्धा परत उभा राहतो. वेळ मागे नेण्याची सोय २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तही होती, पण तिथे ती मोजूनमापून मिळायची. ब्लो यांनी मर्यादाच काढून टाकली. मग मरणाची भीती उरली नाही आणि गेमला अडचण दुसरीकडे शोधावी लागली.

ती कुठे शोधली, हे मला या गेममधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. काही वस्तूंभोवती हिरवी झळाळी असते आणि त्यांच्यावर उलट्या वेळेचा परिणाम होत नाही. वर येता येणार नाही अशा खड्ड्यात हिरवी किल्ली आहे. उडी मारायची, किल्ली घ्यायची आणि वेळ मागे न्यायची: टिम काठावर परत येतो, किल्ली हातातच राहते. पुढच्या एका भागात वेळ मागे नेली की तुमची सावली उमटते आणि तुम्ही मघाशी केलेलं पुन्हा करते. सावली खटका ओढते, तेवढ्यात तुम्ही दुसरीकडच्या दारातून जाता. कल्पना तीच, पण प्रत्येक भागात तिचा एकच नियम बदलून त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासलेले आहेत.

‘सुपरहॉट’ जन्मला तो २०१३ च्या ‘सेव्हन डे एफपीएस’ उपक्रमात, म्हणजे सात दिवसांत शूटर (पात्राच्या नजरेतून गोळीबार करायचा) गेम करून दाखवण्याच्या आव्हानातून. पोलंडमधल्या चमूने केलेला तो नमुना ब्राउझरवर खेळता यायचा. पूर्ण गेम २०१६ मध्ये आला. नियम एका वाक्यात सांगता येतो: तुम्ही हललात तरच वेळ पुढे जाते. स्थिर उभे राहिलात की गोळ्या मागे लाल रेघ सोडत जवळजवळ हवेतच थबकतात. जवळजवळच, वेळ पूर्ण थांबत नाही. एक गोळी लागली की डाव संपला, आणि घडलेलं मागे घेण्याची काहीही सोय नाही. शूटरच्या वेषातला हा पाळीपाळीने चालणारा गेम आहे. रिकामं पिस्तूल समोरच्यावर फेकायचं, त्याच्या हातून सुटलेलं हवेतच झेलायचं, आणि या दोन हालचालींत बाकीच्या गोळ्या किती पुढे सरकतील याचा हिशेब आधीच करायचा.

खरा गोंधळ होतो तो ‘ब्रेड’च्या चौथ्या भागात. तिथे वेळ टिमच्या चालण्याला बांधलेली आहे. तो थांबला की जग थांबतं, त्यामुळे हा तर ‘सुपरहॉट’चाच नियम असं वाटतं. फरक पाहायचा तर उलट दिशेला पाऊल टाकून पाहा. टिम उजवीकडे गेला की वेळ पुढे, डावीकडे गेला की मागे. मारलेला शत्रूही डावीकडे वळताच जिवंत होतो. तिथे वेळ जागेवर अवलंबून आहे. ‘सुपरहॉट’मध्ये तुम्ही मागे सरका की पुढे, गोळी जवळच येते. तिथे प्रत्येक हालचाल हा खर्च आहे.

म्हणून ‘ब्रेड’मध्ये हात मोकळा सोडावा: वाटेल ते करून पाहावं आणि काय बदललं, काय तसंच राहिलं याकडे लक्ष ठेवावं. तीच सवय घेऊन ‘सुपरहॉट’मध्ये गेलात तर डाव पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. दोन्ही खेळायचे असतील तर मी ‘ब्रेड’ आधी सुचवेन. २००८ चा मूळ गेम चालेलच, पण २०२४ च्या नव्या आवृत्तीत कोडी कशी घडवली यावर निर्मात्यांचं भरपूर निवेदन आहे. गेम बनवू पाहणाऱ्याने ते जरूर ऐकावं, मात्र कोडी स्वतः सोडवून झाल्यावर.