मिसळीची तर्री आणि ओट्याचं फडकं

कॉलेज सुरू झालं की पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी एक प्रॅक्टिकल हमखास करून घेते. प्रत्येकाला निर्जंतुक कापसाचा बोळा लावलेली काडी द्यायची आणि सांगायचं, घरातली सगळ्यात घाण वाटणारी जागा पुसून आणा. बहुतेक मुलं मोबाइल निवडतात. मग दाराची कडी, गाडीचं हँडल, दहाची नोट, टॉयलेटचा नळ. गेल्या वर्षी पंचवटीतल्या एका मुलीने मात्र काडीऐवजी घरचं ओट्याचं फडकंच पिशवीत गुंडाळून आणलं. सकाळी पोहे झाल्यावर ओटा पुसून, पिळून ठेवलेलं. अजून दमट होतं, हळदीचे डाग होते, आणि पिशवी उघडताच आंबूस वास आला.

काड्या आणि फडकं जंतूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या प्लेटांवर टेकवून त्या प्लेटा 37 अंशांवर रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या प्लेटवर मोजता येतील एवढे पांढरे-पिवळसर ठिपके होते. फडक्याच्या प्लेटवर मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुधावर साय धरावी तसा सलग थर. आमच्या प्रयोगशाळेत मॅककॉन्की आगर नावाची जंतू वाढवायची एक खास जेली असते. आतड्यात राहणाऱ्या जंतूंच्या बऱ्याच जाती तिच्यावर गुलाबी उमटतात, मातीतून आणि भाजीवरून आलेले त्यांचे काही भाऊबंदही तसेच दिसतात. मोबाइलची ती प्लेट कोरी निघाली. फडक्याची गर्द गुलाबी.

वर्गात एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग हिच्या घरातले सगळे आजारी कसे पडले नाहीत?"

मला वर्षभरात विचारले जाणारे सगळे प्रश्न या एका प्रश्नात येतात. जंतू सगळीकडे आहेत हे आता लहान मुलालाही माहीत आहे, जाहिरातींनी ते चांगलं पढवलंय. पण ते कुठल्या जातीचे, किती, कोणत्या वाटेने शरीरात शिरले आणि ते शरीर कुणाचं, हे चार प्रश्न सुटले की भीती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. मग मोबाइल दिवसातून पाच वेळा पुसला जातो आणि ओट्याचं फडकं तसंच राहतं.

आधी संख्येचं बघू. 2016 साली इस्राएलमधल्या संशोधकांनी नव्याने हिशोब मांडला: सरासरी माणसाच्या अंगावर आणि पोटात मिळून सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं जेमतेम 200 ग्रॅम. मोबाइलवरचे ठिपके बहुतांशी यांच्यातलेच, म्हणजे तुमच्याच गालावरचे आणि बोटांवरचे. तुमचे तुम्हाला परत मिळतात, बिघडत काही नाही. मोबाइलवर टॉयलेटच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात हे वाक्य आकड्यापुरतं खरं निघेलही, पण त्यातून आजाराबद्दल काहीच कळत नाही.

आता जात आणि मात्रा. हगवणीचा शिगेला नावाचा जंतू दहा ते शंभर एवढ्यांनीही माणसाला आजारी पाडू शकतो. म्हणून तो एका हातावरून दुसऱ्या हातावर सहज पसरतो. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, उलट आहे. निरोगी माणसाच्या पोटातलं आम्ल शाबूत असेल, तर पटकी व्हायला साधारण दहा कोटींच्या वर जंतू गिळावे लागतात. ते आम्ल औषधाने मारलं की हाच आकडा हजारपटीने खाली येतो. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी बाहेरच्या पाण्याबाबत जास्त जपायला सांगते, ते यामुळे. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद मात्र करू नका.

फडक्याच्या घरातले ठणठणीत होते, कारण जात बहुतेक साधी होती, ओट्यावरून ताटात जाणारी संख्या थोडी होती आणि खाणारी माणसं धडधाकट होती. पण त्याच फडक्याने कच्च्या चिकनचं पाणी पुसलं आणि मग त्यानेच काकडी चिरायची फळी पुसली, तर जात, संख्या आणि वाट ही तिन्ही उत्तरं बदलतात. पुढच्या आठवड्यात त्या मुलीला तेच फडकं उकळत्या पाण्यात काढून, गच्चीवर कडक उन्हात वाळवून आणायला सांगितलं. त्या वेळच्या प्लेटवर ठिपके सुटे सुटे, बोटांवर मोजण्याइतके. जंतूंना वाढायला ओल लागते. घरात दोन-तीन फडकी ठेवून रोज पाळीपाळीने वाळवायची, याला पैसे पडत नाहीत.

नाशिकमध्ये राहून मिसळीबद्दल न बोलणं शक्य नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या बाजूला निघालात तर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी मला विचारतंच, "ताई, बाहेरची मिसळ खावी का हो?" ताट समोर घेऊन एकेक जिन्नस बघू.

तर्री: मोठ्या पातेल्यात मंद आचेवर सतत रटरटत असते, वाटीत पडते तेव्हा वाफ निघते. साठ अंशांच्या वर तापलेल्या अन्नात आजार करणारे जंतू वाढत नाहीत, उकळीत तर बहुतेक मरतातच. ताटातला सगळ्यात तिखट पदार्थ बहुधा सगळ्यात सुरक्षित असतो. फरसाण आणि पापड: कोरडे, तळलेले, तिथे जंतूला प्यायला पाणीच नाही. दही: त्यात जंतू आहेत आणि भरपूर आहेत, पण ते आपल्या बाजूचे. दह्याचा पातळ थर काचेवर घेऊन रंगवला की सूक्ष्मदर्शकात जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा दिसतात. त्या लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या आंबटपणात बाहेरच्या जंतूंचा टिकाव लागणं अवघड होतं. विरजण लावणारी प्रत्येक बाई हे तंत्र जाणते, नाव घेत नसली तरी.

राहिला चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि पाण्याचा ग्लास. मी बघते ते इथे. चिरलेला कांदा हवेतले जंतू शोषून घेतो असा एक मेसेज फिरतो, त्यात तथ्य नाही. कांदा चिरला की त्याच्यात गंधकाची जी संयुगं तयार होतात, ती जंतूंना थोडीफार मारकच असतात. प्रश्न कांद्याचा नाही, तो चिरणाऱ्या हातांचा आणि धुतलेल्या पाण्याचा आहे. कच्चं वाढलं जातं ते उकळीतून जात नाही, त्याला दुसरी संधी नसते. ग्लासांचंही तसंच. एकाच बादलीत बुचकळून काढलेले ग्लास शंभर माणसांचे ओठ एकमेकांशी जोडतात. वाहत्या नळाखाली विसळले जात असतील तर मी निर्धास्त बसते. नसतील तर मिसळ खाते आणि पाणी घरचं पिते. उसाच्या रसातल्या बर्फाला, पाणीपुरीच्या पाण्यालाही हाच निकष.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. शहराला गंगापूर धरणातून येणारं पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडतात. नळातून येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असा मानक आहे. पण पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. दाब गेला की फुटक्या सांध्यातून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात टायफॉइड आणि कावीळ वाढतात त्यामागे हे मोठं कारण आहे. पहिल्या पावसानंतर गढूळ किंवा वासाचं पाणी आलं तर ते खळखळून उकळावं. खळखळल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नसते.

आणि मग घरातला माठ. नळाला चांगलं असलेलं पाणी घरात साठवल्यावर खराब होतं, कारण त्यात हात जातो. ग्लास बुडवताना बोटांची दोन पेरं पाण्यात जातात. आमच्या आजीच्या माठावर लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं असायचं आणि नातवंडांनी भांडं बुडवलं की ती रागवायची. तिला जंतू ठाऊक नव्हते, पण तिने वाट अडवून ठेवली होती. हल्ली तोटीचा माठ मिळतो, तो तर आणखी सोपा.

रात्रीच्या भाताचंही सांगते, कारण फोडणीचा भात आपल्या प्रत्येक घरात होतो. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेले जिवाणू, असतात. ते शिजण्यातून वाचतात. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि त्यांच्यातल्या काही जाती एक विष तयार करतात. ते विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. अनुकूल वातावरणात बरेच जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशोबाने एकाचे आठ तासांत 1 कोटी 67 लाखांवर होतात. वासावर भरवसा ठेवू नका, कारण अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वेगवेगळे असतात. उरलेला भात पसरट ताटात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवला, की सकाळचा फोडणीचा भात खुशाल खावा.

आमच्या शेजारी आठ महिन्यांचं बाळ आहे. कोविडच्या दिवसांत घराघरात लागलेली सवय त्याच्या आईला अजून आहे: फरशी दिवसातून तीनदा जंतुनाशकाने, खेळणी सॅनिटायझरने. आजेसासूबाई म्हणतात, "अगं, मातीत लोळलेलीच पोरं दणकट होतात." दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. 1989 साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश वैज्ञानिकाने दाखवलं की ज्या मुलांना भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. पुढे युरोपात गोठ्याच्या, शेतीच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांमध्ये दमा कमी आढळला. प्रतिकारशक्तीला लहानपणी माती, जनावरं, माणसं यांच्यावरचे निरुपद्रवी जंतू भेटावे लागतात, तेव्हा ती कुणावर धावून जायचं आणि कुणाला सोडायचं हे शिकते. पण या शाळेत टायफॉइड, गोवर, हगवण हे शिक्षक नकोत. बाळाला फरशीवर रांगू द्यावं, अंगणातल्या मातीला हात लावू द्यावा. त्याचं लंगोट बदलल्यावर आणि त्याला भरवण्याआधी मोठ्यांनी हात मात्र साबणाने धुवावेत. त्या घरात फरशी तीनदा पुसली जाते, पण लंगोट बदलल्यावरचे हात नुसत्या पाण्याखाली धरले जातात. मला काळजी वाटते ती याची.

साबण कुठला, हाही प्रश्न येतोच. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही घरांना साबण आणि हात धुण्याची शिकवण दिली, काहींना दिली नाही. साबणवाल्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाबही निम्म्याहून कमी झाले. त्यातल्या काही घरांना जंतुनाशक साबण दिला होता, काहींना साधा. फरक पडला नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक रसायनं घरगुती हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नव्हता. साबण जंतूंना तेलकटपणासकट सोडवतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. महागडी बाटली लागत नाही. प्रवासात सॅनिटायझर ठीक, पण मळलेल्या हातांवर त्याचं फारसं चालत नाही, आणि उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याला सहसा जुमानत नाही.

2027 चा सिंहस्थ जवळ आलाय. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, लाखोंची गर्दी होणार. 1867 साली हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर भारतभर पसरली होती. आज क्लोरीन आहे, लस आहे, फिरती शौचालयं आहेत. रामकुंडात डुबकी मारणाऱ्याला मी अडवणार नाही. प्यायचं पाणी मात्र वेगळं न्यावं, आणि जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी साबण कुठे आहे ते विचारावं. महापालिकेकडे एकच गोष्ट हट्टाने मागावी असं मला वाटतं: प्रत्येक शौचालयाबाहेर चालू नळ आणि साबण.

एवढं जपूनही कधीतरी पोट बिघडतंच. तेव्हा लगेच मेडिकलमध्ये जाऊन अँटिबायोटिक मागू नका. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर ती गोळी चालत नाही. उलट पोटातले उपयोगी जिवाणू मरतात आणि उरलेले औषधाला सरावतात. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत पटकी उसळली तेव्हा सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमभर मीठ-साखरेचं पाणी कालवून पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. तेच आजचं ओआरएस. शौचातून रक्त पडत असेल, मूल मरगळलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर दवाखान्यात न्यायला वेळ लावू नका. एरवी ओआरएस घोटघोट पाजत राहायचं. पाकीट मोठं असेल तर ते एका लिटरसाठी असतं, वर छापलेलं वाचून घ्या. चमचाभर ग्लासात टाकून अंदाजाने कालवू नका. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं आणि लहान बाळाला त्याचा त्रास होतो. उकळून गार केलेलं पाणी एक लिटर मोजायचं, त्यात पूर्ण पाकीट ओतायचं, आणि चोवीस तासांनी उरलं तर फेकून नवं करायचं.