पत्ता बरोबर, पण कुठून बघता?

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मासळीचं एक कोल्ड स्टोरेज आहे असं धरा. प्रत्येक खोलीत तापमानाचा सेन्सर, आणि दर दहा सेकंदांनी एक आकडा. हे आकडे पणजीत पाटोवरच्या ऑफिसला हवेत, अलार्म वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला हवेत आणि महिनाअखेरचा रिपोर्ट काढणाऱ्यालाही हवेत. सेन्सरने तिघांच्या मागे धावायचं नसेल तर मध्ये मेसेज ब्रोकर बसवतात. पाठवणारा त्याच्याकडे मेसेज टाकून मोकळा होतो आणि घेणारे सवडीने उचलतात. एकच मशीन ठेवलं आणि ते बसलं तर सगळंच बसेल, म्हणून ब्रोकर तीन किंवा पाच मशीनवर पसरलेला असतो.

या कामातलं सगळ्यात गाजलेलं नाव काफ्का. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ते घडवलं आणि २०११ मध्ये ते ओपन सोर्स झालं. यातल्या नारखेडे पुण्याच्या, तिथल्या पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या. दुसरं मोठं नाव रॅबिटएमक्यू, २००७ पासूनचं आणि एर्लांग भाषेत लिहिलेलं. दोन्ही सॉफ्टवेअर दणकट आहेत. तरीही पहिल्यांदा बसवणाऱ्याला ती हमखास रडवतात, आणि बहुतेक वेळा त्यात ब्रोकरचा काही दोष नसतो.

नव्या पोराचा फोन साधारण असा येतो. (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबरवालं दार, नेटकॅट म्हणजे ते दार उघडं आहे का हे बघणारं साधन, आणि नोड म्हणजे ब्रोकरच्या मशीनांपैकी एक.) "दादा, ब्रोकर चालू आहे. पोर्ट ९०९२ उघडं आहे, नेटकॅटने बघितलं, लगेच जोडलं जातंय. पण आपला प्रोग्रॅम म्हणतो कनेक्शन होत नाही."

"एररची ओळ पूर्ण वाच. नोडचा नंबर काय दिलाय? वजा एक की नुसता एक?"

"नोड एक. पुढे लोकलहोस्ट, १२७.०.०.१, पोर्ट ९०९२."

"मग ब्रोकर तुला चुकीचा पत्ता सांगतोय."

या वजा चिन्हात निम्मं निदान आहे. काफ्काचा क्लायंट, म्हणजे मेसेज पाठवणारा किंवा घेणारा प्रोग्रॅम, दोन टप्प्यांत जोडला जातो. आपण सेटिंगमध्ये दिलेल्या पत्त्यावर तो आधी जातो. त्याला बूटस्ट्रॅप सर्व्हर म्हणतात. तिथे तो फक्त चौकशी करतो: क्लस्टरमध्ये, म्हणजे ब्रोकरांच्या गटात, कोण कोण आहे, आणि मला हव्या त्या डेटाचा प्रमुख कुठला ब्रोकर? उत्तरात त्याला ब्रोकरांची यादी मिळते, प्रत्येकाचा नंबर, होस्ट (मशीनचं नाव किंवा पत्ता) आणि पोर्ट यांच्यासकट. खरं काम करायला तो त्या यादीतल्या पत्त्यावर नवं कनेक्शन उघडतो. बूटस्ट्रॅपच्या वेळी ब्रोकरांचे खरे नंबर माहीत नसतात, म्हणून क्लायंट त्यांना वजा एक, वजा दोन असे तात्पुरते नंबर देतो. तक्रार वजा एकबद्दल असेल तर पहिल्याच पत्त्यापर्यंत पोचता आलेलं नाही. तक्रार एक, दोन, तीनबद्दल असेल तर पहिली भेट झाली आहे, पण हातात पडलेली यादी निरुपयोगी आहे. नेटकॅट पहिला पत्ता तपासतं, दुसऱ्याची त्याला गंधवार्ता नसते. म्हणून 'पोर्ट उघडं आहे' हे वाक्य खरं असूनही काही उपयोगाचं ठरत नाही.

ब्रोकर असा पत्ता का सांगतो? कारण आपणच त्याला तो सांगायला लावलेला असतो. काफ्कात दोन सेटिंग वेगवेगळी आहेत. 'लिसनर्स' म्हणजे ब्रोकरने कान कुठे लावायचे, आणि 'अ‍ॅडव्हर्टाइज्ड लिसनर्स' म्हणजे लोकांना स्वतःचा पत्ता काय सांगायचा. पहिल्यात ०.०.०.० लिहिलेलं चालतं, त्याचा अर्थ मशीनच्या सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐक. तेच दुसऱ्यात लिहिलं तर काफ्का सुरूच होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण '०.०.०.० ला या' या निमंत्रणावर कोणी कुठे जाणार? दुसरं सेटिंग कोरं ठेवलं की पहिल्यातलाच पत्ता जाहीर होतो, आणि तिथेही होस्ट नसेल तर मशीन स्वतःला जे नाव समजतं ते. लोकलहोस्ट मात्र कुठेही खपतं. ब्रोकर आणि क्लायंट एकाच लॅपटॉपवर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. क्लायंट दुसऱ्या मशीनवर नेला की 'लोकलहोस्ट'चा अर्थ बदलतो, कारण त्या नावाचा अर्थ नेहमी 'मी जिथे आहे तेच मशीन' एवढाच. डॉकर तर प्रोग्रॅमना कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवतं, तिथे एका मशीनमधल्या दोन कंटेनरांचे लोकलहोस्टही वेगळे असतात.

वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, कुणी विचारलं तर 'देवळाकडचं घर' एवढं पुरतं. म्हापशाच्या बसस्थानकावर तोच पत्ता सांगितलात तर रिक्षावाला विचारेल, कुठलं देऊळ? पत्ता खोटा नाही, पण तो फक्त वाड्याच्या आतून खरा आहे.

उपायही तिथेच सापडतो. एकाच ब्रोकरला दोन लिसनर देता येतात, वेगवेगळ्या नावांचे आणि वेगवेगळ्या पोर्टवरचे. कंटेनरांनी आत वापरायचा एक, बाहेरच्यांसाठी दुसरा. क्लायंट ज्या लिसनरवरून आत आला त्याच लिसनरचा जाहीर पत्ता ब्रोकर त्याला देतो. म्हणजे आतल्याला आतला पत्ता, बाहेरच्याला बाहेरचा. बरेच जण याऐवजी क्लायंट मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या नावाचा कुठला पत्ता याची मशीनची स्वतःची यादी) एक ओळ घुसडून वेळ मारून नेतात. एका मशीनपुरतं ते चालतं. पाच मशीन झाली, ब्रोकरचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) बदलला, की कुठल्या फाइलमध्ये काय टाकलं होतं हे कुणालाच आठवत नाही. मला तो उपाय मुळीच आवडत नाही. नक्की कुठला पत्ता सांगितला जातोय हे बघायचं तर केकॅट नावाचं छोटं साधन आहे, ते ब्रोकरने दिलेली यादी जशीच्या तशी छापतं. फक्त ते क्लायंटच्या मशीनवरून चालवायचं. ब्रोकरच्या मशीनवर बसून केलेली तपासणी 'देवळाकडचं घर' बरोबर आहे एवढंच सांगते.

घरून काम करणाऱ्यांच्या वाट्याला याचाच एक चुलतभाऊ येतो. कुंडईतल्या ब्रोकरचा पत्ता १९२.१६८.१.५० आहे. साळगावातल्या घरचा राउटरही १९२.१६८.१ चेच पत्ते वाटतो. असे खाजगी पत्ते कुणीही वापरावेत म्हणूनच राखून ठेवलेले आहेत. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा खाजगी बोगदा) जोडलेलं असूनही लॅपटॉपला वाटतं ५० नंबर घरातलाच आहे, आणि तो त्याला हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात शोधत राहतो. ऑफिसमध्ये चालतं, शेजाऱ्याकडूनही चालतं, पण या घरून चालत नाही, अशी चक्रावणारी तक्रार आली की आधी दोन्हीकडचे पत्ते ताडून बघावेत.

एरर 'रिफ्यूज्ड' आहे की 'टाइमआउट' हेही नीट वाचायला हवं. रिफ्यूज्ड म्हणजे मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, आणि हे उत्तर लगेच येतं. टाइमआउट म्हणजे उत्तरच नाही, बहुधा मध्ये कुठला तरी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, पॅकेट (डेटाचा तुकडा) गुपचूप टाकून देतो आहे. लिनक्स अशा वेळी थांबत थांबत पुन्हा विचारतं आणि नेहमीच्या सेटिंगवर हार मानायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेतं. पहिल्या प्रकारात ब्रोकर बघा, दुसऱ्यात फायरवॉल.

आता जून महिन्याकडे येऊ. पाऊस सुरू झाला, लाइट गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अधूनमधूनच बोलणारा अलार्मचा संगणक यूपीएसवर होता, त्याला काहीच कळलं नाही. त्याच्या मते कनेक्शन अजून जिवंत आहे. टीसीपीची, म्हणजे दोन मशीनमधलं कनेक्शन सांभाळणाऱ्या नियमांची, ही जुनी खोड आहे: दोन्ही टोकांना बोलायचं नसेल तर तारेतून एकही पॅकेट जात नाही, आणि मधला दुवा मेला तरी टोकांना पत्ता लागत नाही. लिनक्समध्ये टीसीपीची स्वतःची 'जिवंत आहेस का' ही विचारपूस आहे, पण ती प्रोग्रॅमने मागितली तरच होते, आणि पहिली विचारपूस मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांच्या शांततेनंतर, म्हणजे दोन तासांनी. तोवर शीतगृहातली मासळी कुणाच्या भरवशावर?

म्हणून रॅबिटएमक्यूने स्वतःचे हार्टबीट ठेवले आहेत. सर्व्हर ६० सेकंदांचा अवधी सुचवतो, दोन्ही बाजू त्याच्या निम्म्या अंतराने एक छोटा संकेत पाठवतात, आणि ओळीने संकेत चुकले की कनेक्शन मेलं असं धरतात. हा आकडा खाली आणता येतो. मात्र पाच सेकंदांच्याही खाली आणू नका. नेटवर्कला नुसती उचकी लागली तरी चांगली कनेक्शनं तुटायला लागतील.

ब्रोकर क्लाउडवर असेल तर लाइट जायचीही गरज नाही. मधला लोड बॅलन्सर, म्हणजे आलेली कनेक्शनं मशीनांत वाटून देणारा, शांत पडलेली कनेक्शनं आपणहून विसरतो. नेहमीच्या सेटिंगवर अ‍ॅझ्युअरचा चार मिनिटांनी विसरतो, अ‍ॅमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांनी. काफ्काचा क्लायंट मात्र स्वतःहून रिकामं कनेक्शन बंद करतो ते नऊ मिनिटांनी. चार ते नऊ या पाच मिनिटांत क्लायंटच्या हाती जे कनेक्शन आहे, ते पलीकडे कुणाच्याच वहीत नाही. त्यावर मेसेज पाठवला आणि लोड बॅलन्सरने तो चुपचाप गिळला, तर क्लायंट उत्तराची वाट बघतो, नेहमीच्या हिशेबाने ३० सेकंद. मग नवं कनेक्शन आणि पुन्हा प्रयत्न.

दर दहा सेकंदांनी आकडा पाठवणाऱ्या सेन्सरला याची झळ लागत नाही, त्याचं कनेक्शन कधी शांत पडतच नाही. घेणाऱ्यालाही लागत नाही, तो सतत विचारणा करत असतो. झळ लागते ती दिवसातून एखाद्या वेळी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे नेमकी 'खोली क्रमांक तीनचं तापमान चढतंय' असा अलार्म पाठवणाऱ्याला. चाचणी घेताना माणूस लागोपाठ दहा मेसेज पाठवतो. पहिला अडखळतो, उरलेले नऊ सुळकन जातात, आणि 'नेट स्लो होतं' म्हणून विषय मिटतो. औषध एका ओळीचं आहे: क्लायंटमधला रिकाम्या कनेक्शनचा अवधी नऊ मिनिटांवरून तीनवर आणायचा, म्हणजे १,८०,००० मिलिसेकंद. मग क्लायंटच आधी विसरतो आणि अलार्मच्या वेळी ताजं कनेक्शन उघडतो.

व्हीपीएनवर आणखी एक गंमत होते. लहान मेसेज जातात, मोठे अडकतात. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १,५०० बाइट, पण व्हीपीएनच्या वेष्टनामुळे आत जागा कमी उरते, वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनमध्ये नेहमी १,४२०. मोठं पॅकेट मावत नाही हा निरोप परत यायला हवा, पण सुरक्षेच्या नावाखाली कुणी तरी तो निरोपच फायरवॉलवर अडवलेला असतो. पिंग या पोच तपासणाऱ्या साधनाला १,४७२ बाइटचा भार आणि 'तुकडे करू नकोस' ही अट देऊन बघा, वरचे २८ बाइट धरून बरोबर १,५०० होतात. तो गेला नाही आणि लहान गेला, तर चोर सापडला.

रॅबिटएमक्यूची मशीनं एकमेकांशी बोलतात त्यांची पोर्टं निराळी आहेत. क्लायंटसाठी ५६७२ उघडतात आणि क्लस्टर जुळत नाही म्हणून लोक डोकं धरतात. आपसात त्यांना ४३६९ आणि २५६७२ लागतात, प्रत्येक मशीनला बाकीच्यांचं होस्टनेम सोडवता यावं लागतं आणि एर्लांगची कुकी फाइल (मशीनांची आपसातली गुप्त खूण) सगळीकडे सारखी असावी लागते. एक मशीन कुंडईत आणि एक पाटोवर ठेवून त्यांचं एकच क्लस्टर करण्याच्या फंदात पडू नये. लांबच्या आणि बेभरवशाच्या दुव्यावर रॅबिटएमक्यूचं क्लस्टर दुभंगतं. त्यासाठी फेडरेशन नावाची वेगळी सोय आहे, ती दुवा तुटणार हे गृहीत धरूनच बांधलेली आहे.

एक विचित्र आकडा मात्र पाठ करण्यासारखा आहे. काफ्काच्या लॉगमध्ये कधी तरी तक्रार दिसते की १,१९,५७,२५,८५६ बाइटचा मेसेज आला आणि तो १०,४८,५७,६०० च्या मर्यादेहून मोठा आहे. सव्वा अब्जाच्या आसपासचा मेसेज मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधून कोण पाठवणार? काफ्का आलेल्या मजकुराचे पहिले चार बाइट त्याची लांबी म्हणून वाचतो. हा आकडा सोळाच्या पद्धतीत मांडला की ४७, ४५, ५४, २० असे चार बाइट मिळतात, आणि ती निघतात 'जी', 'ई', 'टी' ही इंग्रजी अक्षरं आणि एक मोकळी जागा. कुणी तरी काफ्काच्या पोर्टवर वेब पेज मागतंय. आकडा ३६,९२,९५,६१६ किंवा त्याच्या एक-दोन पुढे असेल तर पहिले बाइट १६, ०३, ०१ येतात. ती टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीतल्या हस्तांदोलनाची सुरुवात आहे, म्हणजे क्लायंट एन्क्रिप्शन करून बोलतोय आणि पोर्ट साधं आहे. उलट प्रकारही होतो: साधा क्लायंट टीएलएसच्या पोर्टवर गेला तर तो सर्व्हरच्या नकाराचे पहिले चार बाइट लांबी समजतो, पस्तीस कोटी बाइटची जागा मागतो आणि मेमरी संपली म्हणून कोसळतो. मग लोक मशीनची रॅम वाढवायला धावतात. वेब पेज मागणारा बहुधा कुणी घुसखोर नसतो. देखरेखीच्या प्रोग्रॅममध्ये तपासणीचा प्रकार 'एचटीटीपी' निवडलेला असतो. तो 'टीसीपी' केला की लॉग शांत होतो.