बाराशेचा झोत, आठ हजारांचा झोत

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरचा बिनवायरचा वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या झोताने दातांच्या फटी साफ करणारं यंत्र, बंद पडला. ऑनलाइन सेलमधला, बाराशे रुपयांचा, जेमतेम अकरा महिने चाललेला. भंगारात द्यायच्या आधी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो खोलला. आत काय निघावं? खेळण्यातल्या गाडीत असते तेवढी मोटर, तिने फिरणारं दातेरी चाक, चाकावर मध्यापासून जरा बाजूला बसवलेली खुंटी, खुंटीबरोबर पुढेमागे होणारा पेनाच्या टोपणाएवढा दट्ट्या आणि दोन इवल्याशा झडपा. एक झडप पाणी आत घेते, दुसरी बाहेर सोडते. थोडक्यात, गावाकडचा हापसा मुठीत मावेल एवढा केलेला.

आठ हजारांच्या यंत्रातही मुळात हेच असतं. १९६२ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये, जेरल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे अभियंता यांनी पहिला असा पंप बनवला, तेव्हाही मुद्दा नुसत्या पाण्याच्या धारेचा नव्हता, धडधडणाऱ्या धारेचा होता. दट्ट्याची प्रत्येक फेरी म्हणजे एक ठोका; मिनिटाला साधारण १२०० ते १४००, म्हणजे सेकंदाला वीसेक. ठोका बसला की हिरडी किंचित दबते, दोन ठोक्यांमधल्या फटीत ती पुन्हा वर येते आणि दात व हिरडी यांच्यामधल्या खाचेतला ऐवज पाण्याबरोबर बाहेर पडतो. कणसाच्या दाण्याचं साल, मेथीचा धागा, सुपारीची कणी, सगळं.

आता खोक्यावरचे आकडे. पीएसआय हे दाब मोजायचं एकक; कारच्या टायरमध्ये आपण साधारण ३२-३३ पीएसआय हवा भरतो. फ्लॉसरचा झोत ७० पीएसआयचा धरला तर बारीक भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग कागदावर सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर येतो. ऐकायला भीषण. पण पाणी असतं किती? २०० मिलिलिटरची टाकी ४५ सेकंदांत रिकामी होत असेल, तर पाण्याला मिळालेली शक्ती भरते जेमतेम २ वॉट. घर्षणात वगैरे वाया जाऊन मोटर ६ वॉट खात असेल असं धरू. २००० एमएएच क्षमतेच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे साडेसात वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे तासाभराहून अधिक धार. रोज एक मिनिट वापरलं तर दोन महिने! सेलवर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच खरी निघाली, तरी महिना सहज जातो. तेव्हा ‘जबरदस्त बॅटरी’साठी चार हजार जास्त मोजायचं कारण मला तरी दिसत नाही.

‘१४० पीएसआय’ छापलेलं पाहून तर अजिबात हुरळून जाऊ नका. नोझल बंद ठेवून मोजलेला दाब वेगळा आणि पाणी वाहताना मिळणारा वेगळा. खोक्यावरचा आकडा यातला कुठला, हे बहुधा लिहिलेलं नसतं. सुजलेल्या हिरडीला कमाल दाबाशी देणंघेणं नाही, सगळ्यात हलका मोड किती हलका आहे हे तिला महत्त्वाचं. काही स्वस्त यंत्रांचा ‘सॉफ्ट’सुद्धा डोळ्यांत पाणी आणतो.

जाहिरातीतल्या ‘९९.९ टक्के प्लाक (दातांवरचा चिकट थर) साफ’ या दाव्याचं मूळ २००९ सालच्या एका प्रयोगात आहे. तीन सेकंद झोत मारल्यावर तेवढा प्लाक गेला, हे खरं. पण ते दात तोंडातले नव्हते, उपटलेले होते, आणि अभ्यासात उत्पादक कंपनीची माणसं सहभागी होती. अनेक अभ्यास एकत्र तपासणारा २०१९ चा कॉक्रेन आढावा बराच सावध आहे: ब्रशच्या जोडीला अशी यंत्रं वापरली तर हिरड्यांची सूज काहीशी कमी होत असावी, प्लाकबाबत मात्र तसं दिसत नाही, आणि हा पुरावाही कमी खात्रीचा. दातांवर दगडासारखं जमलेलं कीटण तर कुठल्याच किमतीच्या पाण्याने निघत नाही. त्याला दवाखान्यात जाऊन स्केलिंगच करून घ्यावं लागतं.

मग आमचं यंत्र मेलं कशाने? मोटर ठणठणीत होती. झडपेच्या कडेला मात्र पांढरी खरपूड. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. गीझरच्या कॉइलवर जे चढतं तेच इथेही चढलं होतं. त्यामुळे झडप पुरती मिटेना, दाबलेलं पाणी मागे फिरे आणि झोत लुळा पडे. झडप लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली तर सकाळी लख्ख. पण चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज होता, त्याला इलाज नव्हता. यंत्र ‘आयपीएक्स७’ होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत अपाय होईल एवढं पाणी जाऊ नये. ही चाचणी होते नव्याकोऱ्या नगावर. भोकावरचं रबरी झाकण रोज उघडून सैल झाल्यावर, ओल्या बोटांनी अर्धवट लावल्यावर काय होतं, ते मी पाहिलं.

म्हणून जास्त पैसे मोजायचेच तर मी ते इथे मोजीन: भोकाऐवजी चुंबकाने चिकटणारा चार्जर, पूर्ण निघणारी आणि आत हात घालून घासता येईल अशी टाकी, आणि सुटं मिळणारं नोझल. टाकीत रात्रभर पाणी राहिलं की तिथे बुळबुळीत थर धरतो. दातांवरचा प्लाक हाही जिवाणूंचा थरच, त्यामुळे एक धुवायला दुसऱ्यातून पाणी घ्यायचं म्हणजे विनोदच झाला. दातांना तारा किंवा इम्प्लांट असतील, तर त्यासाठीची वेगळी टोकं ज्या यंत्राला बसतात तेच घ्यावं; तिथे महाग यंत्राचे पैसे वसूल होतात.

नवीन घ्यायला गेलो तेव्हा मी पीएसआय विचारलंच नाही. सुटं नोझल केवढ्याला, एवढंच विचारलं. पहिल्या दोन दुकानदारांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. तिसऱ्याने ड्रॉवर उघडून पाकीट काढलं: दोनाचे साडेचारशे. यंत्र तीन हजारांचं होतं. त्याच्याकडूनच घेतलं.